पायावरची नाल

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. इस्राएलातल्या किर्यात मलाखी गावातल्या त्या चार मजली सरकारी इमारतीच्या जिन्यात एवढी गर्दी शुलामिथनं फक्त युद्धाचे भोंगे वाजले तेव्हा पाहिली होती, आणि तेव्हा सगळे खाली पळत होते. आज सगळे वर चालले होते. अश्दोद, लोद, बीरशेबा, कुठून कुठून बसगाड्या बदलत आलेल्या बायका होत्या. त्यांच्या हातांत स्टीलचे डबे, केळी, डाळिंबं आणि ओल्या नारळाऐवजी खोबऱ्याच्या किसाची पाकिटं होती.

शवात या हिब्रू महिन्याची पंधरावी. बाकीचा देश या दिवशी झाडं लावतो, आपली बेने इस्राएल माणसं, म्हणजे कोकणातून आलेले ज्यू, अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेल्या एलियाहू हन्नाबीचा, एलियाहू नबीचा, उरूस करतात. भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरं, वेलची घालून मलिद्याचा ढीग ताटात रचायचा, वर फळं ठेवायची, नबीचं गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी वाटून खायचं. शुलामिथ अरादच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि दर वर्षी या दिवशी आईकडे यायची. दर वर्षी घरची आणि शेजारची मोजकी माणसं असायची.

"काय झालं, सिपोराबाई? कोणी गेलं की काय?" पहिल्याच मजल्यावर शेजारीण भेटली तशी तिनं धास्तावून विचारलं.

"जातंय कोण? आलंय," सिपोराबाई तिचा दंड धरून म्हणाली. "तुझ्या घरात हन्नाबी आलाय. तुझ्या भावजयीच्या पायावर नाल उमटते. घोड्याची नाल, गो. मी या डोळ्यांनी बघितली."

वरून शुलामिथच्या धाकट्या भावाचा, योरामचा आवाज आला. "वर जागा नाय. थोडा वेल थांबा सगले."

बायका हसल्या. हिब्रूत ळ नाही. इथं जन्मलेल्या पोरांच्या तोंडी वेळेचा वेल होतो, बाळाचं बाल होतं, आणि काळी मांजर आयुष्यभर कालीच राहते. एरवी शुलामिथही हसली असती. आज तिला नुसती घाई झाली होती. भावजय तिकवा पहिलटकरीण होती, आठवा संपत आला होता, आणि घोड्यांचा त्यात संबंध काय हे तिला कळत नव्हतं.

कोपरानं वाट काढत ती घरात शिरली. बैठकीच्या खोलीत खिडक्या बंद, उदबत्त्यांचा धूर, मधोमध मलिद्याचं मोठं ताट. पलीकडे आरामखुर्चीत तिकवा, पाय स्टुलावर ठेवलेले. आणि तिच्या शेजारी पांढरी दाढी विंचरून बसलेला रूवेन घोसाळकर.

रूवेनला शुलामिथ ओळखत होती. एलातच्या हॉटेलात तो टुरिस्टांना ताटं वाढायचा. दिपलेल्या माणसाला काहीही वाढता येतं हे तो बहुधा तिथंच शिकला. मध्ये काही वर्षं दिसला नाही, आणि आता दिसला तो थेट नबीचा सेवक होऊन. अंगावर तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, एवढी लांब की टोकं जमिनीवर लोळत होती.

"मलाखी नबीनं सांगून ठेवलं की नाय, एलियाहू परत येणार म्हणून?" रूवेन गर्दीला विचारत होता. "आणि आपल्या गावाचं नाव काय? किर्यात मलाखी. मग रथ उतरणार कुठं? तेल अवीवच्या बीचवर? आपल्या कोकणात, अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर रथाची खूण आहे. पण तो खडक आपण मागं सोडून आलो. म्हणून हन्नाबीनं दुसरा खडक निवडला. हा पाय."

किर्यात मलाखी म्हणजे देवदूतांचं गाव, आणि ते नाव अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या, देवदूतांच्या शहराच्या, देणगीदारांच्या आठवणीसाठी ठेवलेलं आहे हे जमलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होतं. पण हातात केळी घेऊन तीन बसगाड्या बदलून आलेल्या माणसाला अशा गोष्टी आठवत नाहीत.

रूवेननं डोळे मिटले, पुटपुटला, शालीचं टोक तिकवाच्या नडग्यांवर पसरलं आणि वरून तळहात ठेवला. बाईच्या अंगाला हात न लावण्याची केवढी ती मर्यादा. तिकवानं किंचित ओठ आवळले. गाणं सुरू झालं, वाढत गेलं. मग त्यानं शाल उचलली.

नडगीवर अर्धवर्तुळ उमटलं होतं. खोल, स्वच्छ, नालेच्या आकाराचं. खोलीतून एक सुस्कारा निघाला, कोणी रडायला लागलं. एका बाईनं हातातली सोन्याची बांगडी काढून तिकवाच्या पायाशी ठेवली आणि रूवेननं ती न बघितल्यासारखी उचलली.

शुलामिथ नालेकडे बघत नव्हती. ती तिकवाच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, बोटं फुगली होती, लग्नाची अंगठी मांसात रुतली होती. महिन्यापूर्वी ही पोरगी अशी नव्हती.

ती खुर्चीशी बसली आणि हिब्रूत हळूच विचारलं, "डोकं दुखतं?"

"दोन दिवस झाले. थांबतच नाही," तिकवा हिब्रूतच म्हणाली. मराठी तिला समजायची, पण उत्तर हिब्रूतच यायचं.

"डोळ्यांसमोर काही येतं?"

"उजेड. ठिणग्यांसारखा, धावतो." ती रूवेनकडे बघून थांबली. "ती रथाची चाकं आहेत, असं ते म्हणतात. इथंही दुखतं," आणि तिनं बरगड्यांखाली हात ठेवला.

शुलामिथच्या स्वतःच्या बाळंतपणांत अरादच्या माता-बाल केंद्रातल्या नर्सनं हेच सगळं तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या, चेहऱ्याहातांवर सूज, बरगड्यांखाली कळ. यातलं काही झालं तर वाट बघायची नाही, निघायचं.

ती उठली. "आई, हिला आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं."

आई, सिम्हाबाई, मलिद्याच्या ताटाशी उभी होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवून पाठीत वाकलेली ही बाई आज ताठ उभी होती. सगळा गाव तिच्या दाराशी आला होता. "आल्या आल्या काय बोलते तू? आज उरूस. मलिदा वाटायचा आहे."

"मलिदा तुम्ही वाटा. मी हिला घेऊन जाते."

"उंबरा ओलांडायचा नाय," रूवेन शांतपणे म्हणाला. "मलिदा वाटायच्या आत ही बाहेर पडली तर रथ उलटा फिरणार. आणि रिकामा फिरणार नाय. पोटातलं घेऊन फिरणार. मी बोलत नाय, वरून हुकूम आहे."

तिकवानं दोन्ही हात पोटावर ठेवले. "मी नाही येणार," ती शुलामिथला म्हणाली. "मला बाळ हवंय."

शुलामिथला रूवेनची दाढी उपटावीशी वाटली. पण तिकवाला ओढत नेता येणार नव्हतं; आई आडवी येणार, योराम आईच्या मागे उभा राहणार, आणि बायकांनी भरलेला जिना तर एकही पायरी रिकामी करणार नव्हता. आधी हा पाय परत मिळवायला हवा होता.

"डॉक्टरनं तरी काय सांगितलं?" तिनं आईला विचारलं.

"अगो, डॉक्टरच तर पहिला बोलला," सिम्हाबाई म्हणाली. "योराम घेऊन गेला होता. घरी येऊन बोलला, ईमा, रोफे बोलतो की नालचा दोष आहे, नाल तिला त्रास देते. मी विचारलं, नाल दिसते का तिला? तर केन, केन, म्हणजे हो, हो, बोलला. मी रूवेनभाऊला फोन केला."

शुलामिथनं योरामकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. काहीतरी निसटत होतं, पण नेमकं काय हे तिला सापडेना.

एवढ्यात रूवेन पुन्हा उठला. नव्या आलेल्या बायकांना नाल दाखवायची होती, कारण आधीची पुसट होऊन गेली होती. "रथ पुढं गेला," तो म्हणाला, "आता परत बोलावतो." वळताना त्याच्या शालीचं टोक मलिद्याच्या ताटाच्या कडेला लागलं.

टण्ण.

आवाज बारीक होता. पण शुलामिथ शिक्षिका होती, आणि मागच्या बाकावर पडलेली टाचणी ऐकण्याची तिच्या कानांना सवय होती. शालीच्या टोकांना दोऱ्याचे गोंडे असतात. दोरा स्टीलवर वाजत नाही.

"रूवेनकाका," ती गोड आवाजात म्हणाली, "एकदा शाल न पसरता बोलवा ना नाल."

"शालीशिवाय? उघड्यावर?" रूवेन गर्दीकडे बघून हसला. "बघा, मास्तरीणबाईंना हन्नाबी उघड्यावर पाहिजे. ज्याच्या मनात शंका, त्याला खूण नाय."

"बरं. मग शंका असतानाच बोलवते," शुलामिथ म्हणाली.

तिनं पर्समधून अरादच्या घराची किल्ली काढली. तिकवाला हिब्रूत म्हणाली, "थोडं दाबते, चालेल?" तिकवानं मान हलवली. शुलामिथनं किल्ली दुसऱ्या नडगीवर आडवी धरली, अंगठ्यानं दाबून ठेवली आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायला लागली. शाळेत प्रयोग दाखवताना म्हणावं तसं, नीट, सुरात. दोघीतिघींनी सवयीनं साथसुद्धा दिली. मग तिनं किल्ली उचलली.

पायावर किल्ली उमटली होती. दांडा, गोल डोकं, दाते, सगळं.

"अरादच्या आमच्या फ्लॅटची आहे," शुलामिथ म्हणाली. "हन्नाबी आता माझ्या घरी राहायला येणार वाटतं."

कोणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "माझ्या पायावर करून बघ." शुलामिथनं केलं. किल्ली उचलताच कातडी जागच्या जागी आली, काही उमटलं नाही.

"बघितलंत?" रूवेननं लगेच पकडलं. "निवडलेल्या पायावरच उमटतं. मी काय बोलत होतो?"

"खरंय. या पायावरच उमटतं," शुलामिथ म्हणाली. "कारण या पायात पाणी साचलंय. भिजवलेल्या पिठात बोट दाबलं तर खळगा राहतो, तसं. आई, तुझी बांगडी दाबून बघ. मंत्र नको, काही नको."

सगळी खोली सिम्हाबाईकडे बघत होती. मग ती वाकली, मनगट सुनेच्या नडगीवर टेकवलं आणि दाबलं. उचललं तेव्हा तिथं तिच्या बांगडीची गोल कड होती. मग तिनं रूवेनच्या शालीचं टोक हातात घेतलं.

"सोडा, सिम्हाबाई, पवित्र वस्तू आहे."

शिवणकामात जन्म गेलेल्या बाईला शिवण काय लपणार? तिनं बोटांनी काठ चाचपला, जाड लागलं तिथं थांबली, टाका दातांनी तोडला आणि आतली वस्तू तळहातावर घेतली. लोखंडी अर्धवर्तुळ, खिळ्यांची भोकं असलेलं, झिजलेलं.

"बुटाच्या टाचेची नाल आहे ही," ती म्हणाली. "मिलिटरी बुटाची. माझा नवरा वापरायचा."

रूवेन काहीतरी बोलायला गेला, कोणीतरी माझ्या शालीत घातली असणार, वैरी फार आहेत. पण जिन्यातल्या बायकांनी त्याच्यासाठी मात्र तत्परतेनं वाट करून दिली. ज्या बाईनं बांगडी दिली होती तिनं ती त्याच्या खिशातून स्वतः काढून घेतली.

शुलामिथचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. नाल हा शब्द आईच्या तोंडून पुन्हा ऐकला आणि तिला निसटलेलं सापडलं. तिनं योरामला हिब्रूत विचारलं, "डॉक्टर नेमकं काय म्हणाला? हिब्रूत सांग, त्याच्याच शब्दांत."

"शिल्या," योराम म्हणाला. "शिल्याचा दोष आहे, त्यामुळे ब्लडप्रेशर चढलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, लगेच हॉस्पिटलात न्या. मला मराठीत शिल्या काय म्हणतात ते येईना. ते बाळाला आईशी जोडलेलं असतं ना... ईमा नेहमी म्हणते, तुझी नाल इथंच पुरली. पुढचं सांगायच्या आत ईमानं रूवेनकाकाला फोन लावला, आणि उंबरा ओलांडला तर बाळ जाईल असं तो म्हणाल्यावर मी घाबरलो."

"नाळ," शुलामिथ म्हणाली. "आई, नाल नाही. नाळ. आणि नाळही नाही, नाळ जिला जोडलेली असते त्या वारेबद्दल तो बोलत होता. बाळाची वार बिघडली आहे. घोडा कुठंच नव्हता. याला ळ म्हणता येत नाही एवढंच झालं."

सिम्हाबाईच्या हातातून नाल खाली पडली. "म्हणजे डॉक्टरनं न्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि मी पोहे भिजवत बसले."

मग कोणाला काही समजवावं लागलं नाही. खालच्या मजल्यावरच्या मेइरकडे सामान वाहायचा उघडा टेंपो होता. गाद्या टाकून तिकवाला कुशीवर निजवलं, एका बाजूला शुलामिथ, दुसऱ्या बाजूला सिम्हाबाई, आणि योराम पुढे मेइरच्या शेजारी. संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या. तिकवा म्हणाली, ठिणग्या वाढल्यात. सिम्हाबाई तिचं कपाळ चोळत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "थोडा वेळ गो, थोडा वेळ." शुलामिथ रस्त्याकडे बघत होती आणि मेइरच्या पाठीकडे, जणू नुसत्या बघण्यानं गाडी पळणार होती.

इस्पितळाच्या फाटकातून टेंपो आत वळला आणि तिकवाचे डोळे वर फिरले. अंग ताठ झालं, जबडा आवळला गेला, हातपाय झटके देऊ लागले. पांढऱ्या कपड्यातली माणसं स्ट्रेचर घेऊन धावली, दार उघडलं आणि मिटलं. मग बाकावर बसून राहण्याखेरीज काही उरलं नाही. योराम येरझारा घालत होता. शुलामिथला सारखं वाटत होतं की तो झटका घरातल्या त्या आरामखुर्चीत आला असता तर रूवेननं त्याला काय नाव दिलं असतं. रथ अंगात आला, म्हणाला असता, आणि गाण्याचा आवाज वाढवला असता.

डॉक्टरीणबाई बाहेर आली तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. "झटके औषधानं थांबवले," तिनं सांगितलं. "ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी आहे, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. आई शुद्धीवर येतेय. दोघींबद्दल अजून काही दिवस काळजी आहे."

सिम्हाबाईनं शुलामिथला मराठीत म्हटलं, "विचार तिला, हे कोणी केलं? विष घातलं का कोणी? नर्स विष बोलली मघाशी."

नर्सनं 'राएलेत हेरायोन' म्हटलं होतं. शब्दशः अर्थ गरोदरपणाचं विष. शुलामिथनं विचारलं आणि डॉक्टरीणबाईनं मान हलवली. "जुनं नाव आहे, तेच चालत आलंय. कोणी विष घातलेलं नाही, कोणाची नजरही लागलेली नाही. वारेच्या रक्तवाहिन्या नीट रुजत नाहीत, बाळाला रक्त कमी पडतं, आणि आईचं ब्लडप्रेशर चढतं. मूत्रपिंड, लिव्हर, मेंदू, सगळ्यांवर ताण येतो. मूल आणि वार बाहेर काढणं हाच खरा उपाय. कोणाला का होतं आणि कोणाला का नाही, हे आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही."

सिम्हाबाईनं ते नीट ऐकून घेतलं. "रूवेनला सगळं कळलेलं होतं," ती म्हणाली.

मुलीचं नाव काय ठेवायचं यावर पुढे घरात बरीच चर्चा झाली. योरामला ओरा हवं होतं, म्हणजे उजेड. तिकवा म्हणाली, उजेड पुरे झाला. तेव्हा योखेवेद ठेवलं, मोशेच्या आईचं नाव.

पुढच्या वर्षीच्या उरुसाला सिम्हाबाईनं पुन्हा मलिदा केला. काही शेजाऱ्यांना वाटलं होतं की ती आता नबीचं नाव काढणार नाही. पण तिचं नबीशी भांडण नव्हतं. गाणं झालं, पोहे वाटायची वेळ आली, योखेवेद ताटाभोवती रांगत होती. तेवढ्यात सिपोराबाईची सून पुढे आली, सहावा महिना, हात पसरून.

सिम्हाबाईनं ताट मागे घेतलं. "प्रेशर कधी मोजलं?"

"मागच्या महिन्यात बहुतेक. पण माझे पाय सुजलेले नाहीत, बाई."

"पाय सगळ्यांचेच सुजतात, आणि कधी कधी काही न सुजताही हे होतं. शुलामिथनं मला शिकवलंय. डोळ्यानं कळत नाय, म्हणून तर मशीन आहे." तिनं डब्यात मलिदा भरला, झाकण लावलं आणि डबा शुलामिथच्या हातात दिला. "हिला घेऊन दवाखान्यात जा. प्रेशर मोजून होऊ दे, लघवी तपासून होऊ दे. मग तिथंच बाकावर बसून खायला दे."

"आणि कोणी खूण दाखवायला आला तर?" मागून कोणीतरी गमतीनं विचारलं.

सिम्हाबाई भिंतीकडे वळली. तिथं खिळ्याला बुटाची ती नाल टांगलेली होती, खाली योरामनं बाळबोध अक्षरात 'नाल. नाळ नव्हे.' असा कागद लावला होता आणि त्यावरचा ळ तीनदा गिरवून काढला होता. "त्याला सांगायचं, शाल न पसरता करून दाखव," ती म्हणाली. "आणि तो विचार करतोय तोवर बाईला गाडीत बसवायचं."

डबा घेऊन शुलामिथ आणि ती सून जिना उतरायला लागल्या. या वेळी जिना मोकळा होता.